दोन रबरं म्हणजे गोंद

८ जानेवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार टंकित करतो आहे. प्रत्यक्ष घातला असता तर 'आपटशील कुठेतरी' म्हणून तू मला अर्ध्यातच धरलं असतंस.

तुझं पत्र संगणकाने वाचून दाखवलं. त्याचा आवाज हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यासारखा असल्यामुळे तुझा सगळा संताप मला अंशतः ढगाळ वाटला. म्हणूनच मी पत्रांचा आग्रह धरतो. फोनवर तू स्वतःच्या आवाजात बोलतेस, आणि एकटीच बोलतेस.

मुद्दा कळला. मी आंधळा, घरात एकटा, आणि मागच्या खोलीत विजेचं ड्रिल आणि विजेची करवत. तुझ्या मते या तीन गोष्टी एका छपराखाली नांदू नयेत. म्हणून दोन्ही यंत्रं मी तुझ्या जावईबापूंना द्यावीत, कारण त्यांनी नवं घर घेतलंय आणि, तुझेच शब्द, 'त्यांना निदान दिसतं तरी'. त्यांना दिसतं याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त गेल्या खेपेला त्यांनी माझ्याकडे बल्ब बदलायला घेतला तेव्हा शिडी मी धरली होती, आणि बल्ब कोणत्या दिशेने फिरवायचा तेही मीच सांगितलं होतं.

माझं मन राखायला तू ती 'अंधांसाठी खास' माप बोलून सांगणारी टेप पाठवलीस. आभार. पण तिच्यातल्या बाईचं आणि माझं जमेलसं वाटत नाही. फळीवर टेप धरून, हात हलू नये म्हणून श्वास रोखून मी उभा, आणि ती आधी स्वतःचं नाव सांगते, मग बॅटरी किती उरली ते सांगते, आणि मग परक्या विमानतळावर घोषणा करावी तसं इंचांत माप सांगते. तोवर माझा हात हललेला असतो. खोक्यावर काळा चष्मा घातलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र आहे असं शेजारीण म्हणाली. वापराच्या सूचना बारीक अक्षरात छापल्या आहेत. 'अंधांसाठी खास' म्हणजे काय ते मी अनुभवाने शिकलो आहे: किंमत जास्त, आवाज जास्त, आणि रंग आकर्षक.

मी हत्यार घेताना काय बघतो ते ऐक. (हो, बघतो. क्रियापद अजून माझ्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही.) दुकानदार मला आधी 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो आणि मग जे इतर कुणी घेत नाही ते काढून दाखवतो. मी हत्यार हातात घेतो. मूठ पकडल्यावर बटण आपोआप बोटाखाली येतं का, की शोधावं लागतं? बोट उचललं की पातं लगेच थांबतं का, की पाहुण्यासारखं दारात रेंगाळतं? करवत घेताना मी ती दुकानात इतक्या वेळा चालू-बंद केली की दुकानदाराने पाणी मागवलं. स्वतःसाठी. बाकी माझी आवडती हत्यारं मुकी आहेत. मापाला आट्यांची सळई आहे, तिच्यावरचं चाक फिरलं की खाचेगणिक टक् करतं, आणि हात हलला तरी माप हलत नाही. खिळा मी कंगव्याच्या दातांत धरतो. हातोडी चुकली तर कंगव्याचा दात जातो, माझं बोट राहतं. ड्रिलच्या टोकावर लाकडाचा ठोकळा चढवलेला असतो, तो भिंतीला टेकला की भोक पुरे झालं. ही सोय डोळसांनाही चालते, पण त्यांना ती सुचत नाही.

शिवाय व्यवस्था. संस्कृतात कर्ता, कर्म, करण वाक्यात कुठेही ठेवा, चालतं, कारण प्रत्येकाच्या शेपटीला प्रत्यय असतो आणि शेपटीवरून तो ओळखू येतो. माझ्या खोलीत मात्र जागाही लागते आणि शेपटीही. म्हणून प्रत्येक हत्याराचा भिंतीवरचा खिळा ठरलेला, कामाच्या ओघात हात जाईल तसा, आणि सारख्या घडणीच्या बाटल्यांना रबराचे प्रत्यय: एक रबर म्हणजे तेल, दोन रबरं म्हणजे गोंद. इतकं सुटसुटीत व्याकरण कॉलेजात शिकवायला मिळालं असतं तर मुलं जागी राहिली असती.

तर पैज. तू ये, आठवडाभर राहा. तुझ्या मुक्कामात माझ्या हातून एक जरी गफलत झाली, तर ड्रिल आणि करवत मी स्वतः बांधून जावईबापूंना पाठवीन. नाही झाली, तर हा विषय पुन्हा निघणार नाही, फोनवरसुद्धा.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

पंडित,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. कर्ता-कर्म सुरू झालं तिथे उतरले आणि थेट पैजेच्या स्टॉपवर पुन्हा चढले.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलात गेली, शेवटी मेट्रन होऊन बाहेर पडले. असल्या यंत्रांनी माणसांचं काय होतं ते तू ऐकलं असशील, मी धुऊन पट्टी बांधली आहे. रुमालात बोट गुंडाळून आणायचे लोक, आणि विचारायचे, बसेल ना हो? गेल्या वर्षी तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. तू म्हणालास भाजी चिरताना कापलं. मी पट्टीखालची जखम बघून सांगते काय चिरत होतास. ती भाजी लाकडाची होती.

तुला काय, तू चेष्टा करून मोकळा होतोस. इथे अवेळी फोन वाजला की मला आधी तुझी ती मागची खोली दिसते.

पैज मंजूर. पण एक चूक म्हणजे एक चूक. नंतर शास्त्रार्थ नको.

टेप वापर. दुकानातल्या मुलीला चारदा विचारून घेतली आहे. भावासाठी हवी, त्याला दिसत नाही, म्हटल्यावर ती 'सो स्वीट' म्हणाली. कोण ते कळलं नाही, तू की टेप.

शनिवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस, गर्दी असते.

ताई

२७ जानेवारी

पंडित,

सुखरूप पोचले. पैज तू हरलास हे वेगळं लिहायला नको, पण घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर तू त्यावर भाष्य लिहिशील.

न्हाणीघराची कडी कुरकुरते, असं मी सहज म्हटलं. तू लगेच मागच्या खोलीतून बाटली आणलीस, कडीत थेंब सोडलेस आणि म्हणालास, "जा ताई, लोण्यासारखी सरकेल." मी आत गेले, कडी लावली, अंघोळ केली. कडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, टॉवेल गुंडाळून ओढली, देवाचं नाव घेऊन ओढली. तेलाच्या जागी गोंद घातला होतास तू!

मी आत, ओल्या केसांनी. तू बाहेरून म्हणालास, "घाबरू नकोस, दार बाहेर उघडतं, बिजागऱ्यांच्या सळ्या ठोकून काढतो." आणि हातोडी आणायला गेलास तो गेलासच. काय ती धडपड! एकेक हत्यार खाली पडल्याचा आवाज येत होता. मी आतून घसा फोडून सांगत होते, लहान हातोडी मोठ्या हातोडीच्या अलीकडे, पिवळ्या मुठीची! तिच्याखाली निळी पक्कड! आणखी किती स्पष्ट सांगायचं माणसाने? शेवटी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन आलास आणि सळ्या काढल्यास. दार मात्र छान उतरवलंस. माझ्यावर येऊ दिलं नाहीस, स्वतःच्या खांद्यावर घेतलंस.

पण हत्यारं सापडू नयेत याची मला कमाल वाटते. आदल्याच दिवशी तू बाजारात गेलास तेव्हा मी ती भिंत मुद्दाम लावून दिली होती. ऑपरेशनच्या ट्रेसारखी, उंचीप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत. पटाशीपाशी पटाशी, पान्यापाशी पाना. दाराजवळच्या फळीवरच्या बाटल्या पुसून ओळीत ठेवल्या. त्यांच्या गळ्यात कुजकी रबरं चिकटली होती ती कात्रीने कापून टाकली. खोलीला तेलकट वास येत होता म्हणून गुलाबाचा फवारा मारला. सांगितलं नाही, म्हटलं हाताला लागेल तेव्हा खूश होशील. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. असू दे. मी कौतुकासाठी करत नाही.

आता रागावू नकोस. त्या न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसले होते तेव्हा एकच विचार येत होता. आत मी होते, म्हणून बाहेर तू होतास. आत तू असतास, तर बाहेर कोण?

यंत्रं पाठव.

ताई

३१ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. यंत्रं तुझ्या पत्राआधीच निघाली आहेत. तुझी गाडी सुटली त्याच दुपारी बांधली. ड्रिलच्या टोकावरचा लाकडी ठोकळा तसाच ठेवला आहे, जावईबापूंना सांग.

बांधताना मला राग आला नव्हता. हे लिहायला अवघड जातंय, म्हणून व्याकरणाच्या आड न लपता लिहितो. मला खरंच वाटलं होतं की मी चुकलो. तेलाच्या जागी हात घातला, बाटली मिळाली, गळ्यात रबर लागलं नाही. म्हटलं, कुजून गळलं असेल, लक्ष द्यायला हवं होतं. वास घेतला, तर सगळी खोलीच गुलाबाची. तू बाहेरून "झालं का रे?" करत होतीस. जागा तेलाची आहे म्हणजे तेलच, असं धरून चाललो. भिंतीची तू उलथापालथ केली आहेस हे हातोडी शोधताना कळलं, पण बाटलीचा दोष मी माझ्याच माथी घेतला. तू गेल्यावरचे दिवस कसे गेले सांगू? चहात घालण्याआधी साखर दोनदा चाखून बघत होतो. गॅस बंद केला की परत जाऊन बंद करत होतो. डोळे गेले तेव्हासुद्धा इतका आंधळा झालो नव्हतो.

मग तुझं पत्र आलं. संगणकाने ते वाक्यही त्याच हवामानाच्या आवाजात वाचलं: कुजकी रबरं चिकटली होती ती कात्रीने कापून टाकली. मी ते त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग खुर्ची ओढून बसलो आणि आणखी एकदा वाचून घेतलं. पुढे पश्चिमेकडून वारे वाहतील असंही तो सांगेल असं वाटत होतं.

ताई, आठ जानेवारीचं माझं पत्र काढ. ज्या स्टॉपवर तू उतरलीस ना, तिथेच थांब आणि इकडेतिकडे बघ.

आणि मेट्रनबाई, एक प्रश्न. समजा, तुमच्या वॉर्डात एक प्रेमळ पाहुणी आली. औषधांच्या बाटल्यांवरच्या मळक्या चिठ्ठ्या तिने भिजवून काढल्या, बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या, वर गुलाबाचा फवारा मारला, आणि नर्सच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेल्यावर म्हणाली, "या नर्सला दिसत नाही वाटतं." तुम्ही त्या पाहुणीला काय म्हणाला असतात? मला ऐकायला आवडेल. फोनवर सांगितलंत तरी चालेल.

आत मी असतो तर बाहेर कोण, असं तू विचारलंस. आत मी असतो तर कडीत गोंद नसता.

यंत्रं परत मागायला हे लिहीत नाही. ताईने रबरं कापल्यास पैज रद्द, असं कलम मी घातलं नव्हतं. आता गिरमिट आणि हातकरवतीवर भागवीन. जावईबापूंना शुभेच्छा. त्यांना दिसतं.

धाकटा

२० फेब्रुवारी

पंडित,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा त्यात माझीच बाजू जास्त झाली, म्हणून फाडलं.

आठ तारखेचं पत्र काढलं. या वेळी उतरले नाही. शेपटी, प्रत्यय, सगळं वाचलं. दोन रबरं म्हणजे गोंद. तू लिहिलं होतंस. पण इतक्या महत्त्वाच्या गोष्टीच्या अंगावर इतकी शाल पांघरायची काय गरज होती रे? असो. बघ, लगेच माझी बाजू सुरू झाली.

इकडचं ऐक. तुझं ड्रिल पोचलं. जावईबापूंनी आठवडाभर व्हिडिओ बघितले. गॉगल आणला, हातमोजे आणले, कपाळावर बांधायचा दिवा आणला. तुझा लाकडी ठोकळा 'हे काय लागलंय' म्हणून काढून टाकला. रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, आमच्या सगळ्यांचा मोठा फोटो लावायचा म्हणून. भिंतीवर पेन्सिलने फुली केली, दिवा लावला, डोळे बारीक करून नेम धरला आणि ड्रिल थेट पाण्याच्या पाइपात घातलं.

कारंजं उडालं. सोफा भिजला, गालिचा भिजला, फोटोत आम्ही सगळे भिजलो. चावी कुठे बंद करायची हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बादल्या लावत होते. आणि माझी लेक म्हणाली, "जाऊ द्या हो, होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी जमेल तुम्हाला." जावईबापू हसले. कारंज्याचा फोटोसुद्धा काढला त्यांनी, मित्रांना पाठवायला.

मी फडकं पिळत उभी होते. कुणी म्हणालं नाही की ड्रिल काढून घ्या. मीही नाही म्हणाले. तुझ्याकडे थेंबाची चूक झाली, ती पण तुझी नव्हे, आणि मी दोन्ही यंत्रं उचलायला निघाले. इथे बादल्यांनी चूक झाली आणि मी जावयासाठी चहा टाकला. आल्यासकट.

वॉर्डातल्या पाहुणीचं विचारलंस. तिला मी सगळ्यांदेखत झाडलं असतं आणि वॉर्डाबाहेर काढलं असतं. ती बाकावर बसून रडली असती, तर जरा वेळाने आत बोलावलं असतं. तू बोलावशील का?

दोन्ही यंत्रं परत पाठवते आहे. जावईबापूंनी हरकत घेतली नाही, पॅक करायला स्वतः धावले. ठोकळा केराच्या डब्यातून काढून धुऊन घातला आहे. सोबत तेलाची आणि गोंदाची नवी बाटली, रबरं चढवून. डोळे मिटून तपासल्या. आधी किलकिले करत होते, लेकीने पकडलं आणि फडकं बांधलं. फडकं बांधल्यावर दोन मिनिटांत मला स्वतःच्या घरातली खुर्ची सापडेना.

भीती गेलेली नाही, ती जायची नाही. पण ती माझी आहे. यापुढे माझ्याकडेच ठेवीन, तुझ्या खोलीत आणून लावणार नाही.

ताई

२८ फेब्रुवारी

ताई, रबरांना हात लावू नकोस.

(मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत घेतला आहे, पुढे तू कुठेही उतरलीस तरी चालेल. शालीबद्दलची तक्रार मान्य.)

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला, खोक्याला. दोन्ही यंत्रं धडधाकट आहेत. ड्रिलच्या आतून थोडं पाणी निघालं, ते जावईबापूंचं स्मरण म्हणून पुसलं. त्यांना सांग, भिंतीला आधी कान लावून वाजवून बघावं. पाइप असेल तिथे आवाज बदलतो. गॉगलमधून ऐकू येत नसेल तर कानावर ढकलावा.

बाटल्या पोचल्या. एकीला एक, दुसरीला दोन, चोख. फक्त रबरांच्या खाली बोटांना कागद लागला. म्हटलं ताईने चिठ्ठी चिकटवली आहे, काहीतरी हळवं लिहिलं असेल. फोनसमोर धरली. त्याने वाचलं: "हा गोंद आहे. तेल नाही. नीट बघ."

बघतो, ताई.

भिंत पुन्हा माझ्या क्रमाने लावली. दोन दिवस गेले, आणि एक लहान पटाशी अजून मिळालेली नाही. तू ती चमच्यांच्या डब्यात ठेवली असण्याची शक्यता मी आता गृहीत धरली आहे. न्हाणीघराचं दार बसवलं. जुनी कडी छिन्नीने उखडून काढली, नवी अशी घातली आहे की आतून लागते आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडते. आत कुणीही असो, बाहेर कुणीही असो. एक नाणं मी आपल्या शेजारणीकडे देऊन ठेवलं आहे, घराच्या किल्लीसकट. हे तुझ्या भीतीसाठी. तिला एकटीने राहायला लागू नये.

आणि तू दिलेल्या टेपबाईंना अखेर काम मिळालं. त्यांना मागच्या खोलीच्या चौकटीवर बसवलं आहे आणि त्यांच्या जिभेचं टोक दाराला अडकवलं आहे. कुणी दार उघडलं की त्या आधी आपलं नाव सांगतात, मग बॅटरी, आणि मग दार किती इंच उघडलं ते, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात. अंधांसाठी इतकं खास दुसरं काही नाही. तुझी निवड उत्तम होती, जागा तेवढी चुकली होती.

तेव्हा पाहुणीला वॉर्डात परत बोलावलं आहे. सवडीने ये, आठवडाभर राहा. न्हाणीघरात निर्धास्त कडी लावून गात बस. मागच्या खोलीत आवराआवर करायची हुक्की आलीच, तर जरूर जा. मी बाजारातून परतेपर्यंत तर शेजारीणच मला सांगेल, ताई किती इंच आत शिरल्या होत्या.

तुझा धाकटा